न मिटणाऱ्या खिडकीचे माहात्म्य

शासनाने जुन्नरास २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा बहाल केला व २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. परंतु धनिक मंडळी चाकांवरच्या घरांच्या काचा रबरी पट्ट्यांनिशी पक्क्या बसवून घेऊन ज्या निसर्गसान्निध्यास मुकतात, ते माळशेज घाटात एस.टी.ची न मिटणारी खिडकी साध्या तिकिटात प्रवाशाच्या थेट मांडीवर पोचवते, याची दफ्तरी नोंद नसावी ही कृतघ्नता होय. आमची नम्र सूचना अशी की, श्रावणात घोडेगावहून भीमाशंकरास जाताना खिडकीशेजारील उतारूंकडून जलाभिषेकाचा अधिभार वसूल करावा, आणि काच दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर पर्यटनास बाधा आणल्याबद्दल रीतसर खटला भरावा. बिचाऱ्याचा बचाव मात्र भक्कम आहे: त्याच्याकडे केवळ मिटण्याचे काम होते, उघडण्याची निविदा अद्याप निघायची आहे.