राऊ, कुझो आणि माझा अंगठा

भाच्याने माळ्यावरून जुना प्लेस्टेशन २ काढला, त्यात ‘द मार्क ऑफ क्री’ची डिस्क सरकवली आणि रिमोट माझ्या हातात दिला.

“रिमोट नाही मामा, कंट्रोलर.”

पहिली लढाई मी तिथेच हरलो.

गेम २००२चा. नायक राऊ. अंगावर पॉलिनेशियन धर्तीचं गोंदण, मान कुठे संपते नि खांदे कुठे सुरू होतात याचा पत्ता नाही, बोलणं जवळपास नाहीच. चित्रं इतकी गोजिरी की वाटावं, हा आता गाणं म्हणणार. हा मागून गेला आणि पहारेकऱ्याचा गळा चिरून मोकळा झाला. मी उठून पाणी प्यायलो.

राऊच्या दिमतीला कुझो नावाचा पक्षी आहे. मला तो कावळाच वाटला. त्याला पुढे पाठवायचं आणि त्याच्या डोळ्यांनी शत्रू कुठे दबा धरून बसलाय ते पाहायचं. हे मला फार आवडलं. दहा मिनिटं मी तेवढंच केलं.

“मामा, गेम खेळतोयस की पक्षीनिरीक्षण?”

मग उतरलो मैदानात. कंट्रोलरची उजवी दांडी फिरवली की राऊभोवती प्रकाशाचा पट्टा फिरतो आणि ज्याला शिवेल त्याच्या डोक्यावर खूण उगवते: चौकोन, फुली, गोल. ज्याला हाणायचं त्याचं बटण दाबायचं. म्हणजे बालवाडीचाच अभ्यास. फक्त बालवाडीत चौकोन कुऱ्हाड घेऊन अंगावर येत नसे.

“चौकोन, मामा, चौकोन!”

“अरे, कुठल्या हाताला?”

राऊ आडवा.

पुढच्या खेपेला त्याच्या हाती तायाहा आला. माओरींचं हे लांब लाकडी शस्त्र, एका टोकाला जीभ बाहेर काढलेलं कोरीव तोंड. हे अस्सल. पण राऊकडे तलवार आणि धनुष्यबाण कुठून आले? युरोपीय येईपर्यंत पॉलिनेशियन बेटांवर धातूची हत्यारं घडतच नव्हती. आणि माओरी लढाईत धनुष्यबाण वापरत नसत. ही बहुमोल माहिती मी भाच्याला नेमकी राऊला तिघांनी घेरलेलं असताना पुरवली.

एवढ्यात आई घेवड्याचं ताट घेऊन शेजारी बसली. तिच्या मनगटावर तुळस गोंदलेली आहे, आता हिरवट, फिकी. तिने राऊला चष्म्यातून निरखलं.

“एवढं गोंदताना किती रडला असेल रे!”

भाच्याने तिला कथा सांगितली: काळ्या मंत्राचे तुकडे माणसांच्या अंगावर खुणा होऊन उमटलेत आणि दुष्ट मंडळी त्यांच्या मागावर आहेत. मीही भर घातली, की टॅटू हा शब्दच मुळी तिकडचा, ‘ताताउ’वरून आलेला. आईने शेंगेची शीर ओढली.

“खुणेच्या मागे लागणारच. मेल्यावर माणसाबरोबर तेवढंच जातं.”

तिच्याकडे पाहण्याच्या नादात मी पुन्हा फुलीऐवजी गोल दाबला. राऊ कोसळला. भाच्याने कपाळावर हात मारला आणि काही न बोलता डाव परत सुरू केला.

राऊ उभा राहिला, गोंदणासकट.

“बघ,” आई म्हणाली.