मर्फी धान

झाडीपट्टीत मामाजी नाहीत असं एक गाव दाखवा. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वैनगंगा ओलांडून आरमोरी-वडसा, कुठेही जा, ते भेटतातच. खरं तर ते एखाददुसऱ्या भाचीचेच मामा, पण सारं गाव त्यांना मामाजी म्हणतं, आणि शक्यतो लांबूनच म्हणतं. जवळ गेलं की धानाचा विषय निघतो आणि मग म्हशी गोठ्यात परत येईपर्यंत सुटका नाही.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसू नये. वरण यायच्या आत ते भाताचं एक शीत चिमटीत दाबतात, नाकाशी नेतात आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणतात, "जय श्रीराम!" नवख्याला वाटतं, बुवा भाविक आहेत. ते तांदळाचं वाण सांगत असतात. मग यजमानाकडे वळून, "एचएमटी म्हणून घेतला ना जी? फसवलं तुमाले." यजमानाचं तोंड उतरतं. मामाजी तिसऱ्यांदा भात घेतात.

सदऱ्याच्या खिशात कायम लोंब्या. एकदा धुतलेला सदरा टोपलीतच राहिला आणि खिशाला कोंब फुटले. मामी सदरा फेकायला निघाल्या, तर मामाजींनी तो तसाच पऱ्ह्यात नेला. लोक हसले. मामींनी उरलेल्या सदऱ्यांचे खिसे शिवून टाकले.

त्यांचं खरं दुखणं म्हणजे दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचा हा तिसरी शिकलेला माणूस. 1983 मध्ये पटेल-3 धानाच्या बांधीत त्याला काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्याने जपल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या आणि त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळावरून त्या धानाला एचएमटी नाव पडलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 1998 मध्ये पीकेव्ही-एचएमटी आणला. 2010 मध्ये फोर्ब्सच्या यादीत दादाजींचं नाव झळकलं. मामाजी हे सगळं मान्य करतात. फक्त शेवटी म्हणतात, "तसंच झाड माह्या बांधीत होतं जी. शेळीनं खाल्लं." आणि नाव? त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, रेडिओ होता. "आज तुमी दुकानात मर्फी मागले असते, मर्फी!" 2018 च्या जूनमध्ये दादाजी गेले. गोष्ट मामाजी अजूनही सांगतात, पण शेळीवरचा राग पूर्वीइतका राहिलेला नाही.

माणूस तापदायक आहे, पण शेत बघा. वरच्या बांधीत हलकं धान. पाऊस लवकर गेला तरी ते निसवून मोकळं होतं. तलावाखालच्या खोलगट बांधीत भारी धान. ते पाण्यात उभं राहतं. कोपऱ्यात लुचई, घरच्या भातासाठी आणि उंच तणसासाठी. बुटक्या वाणांचं तणस बैलांना पुरत नाही, हे कृषी केंद्रवाल्याला त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की तो त्यांना लांबून बघून शटर अर्ध्यावर ओढतो. साऱ्या बांध्यांना एकच पाकीट त्याने सुचवलं, तेव्हा मामाजी म्हणाले, "साऱ्या घरादाराले एकच चप्पल देशील का बावा?"

धुऱ्यावर तूर असतेच. कापणीआधी उभ्या धानात, ओल असतानाच, ते लाखोरी फेकतात. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तिचीच डाळ खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. मामाजींनी पेरणं सोडलं नाही. "बंदी विकायवर होती, वड्यावर नव्हती," हा त्यांचा कायदा. मात्र रोज कोणालाही खाऊ देत नाहीत, स्वतःही खात नाहीत.

बी ते विकत नाहीत. पायलीभर देतात आणि पुढच्या हंगामात दोन पायल्या परत मागतात. न दिल्यास बाजाराच्या दिवशी, भर चौकात, वडिलांच्या नावासकट आठवण करून देतात. या भीतीने अर्ध्या तालुक्यात लुचई टिकून आहे, असं माझं मत आहे. जपणूक-बिपणूक म्हणणारे म्हणोत.

भाचीच्या लग्नात त्यांनी साडीऐवजी निवडलेल्या लुचईची एक पायली आहेर म्हणून दिली. सासूबाईंनी ती कांडून शिजवली, चार पाहुण्यांना वाढली आणि वर भात छान झाल्याचा निरोपही धाडला. तेव्हापासून मामाजी त्या गावाला गेलेले नाहीत. भाची सुखात आहे का विचारलं, तर म्हणतात, "तिचं काय जी, ते मजेत हाय. पन बी खाल्लं ना त्याहीनं!"