पोकळीची मजुरी

आपला ग्राहक दिसेल त्याचेच पैसे देतो. एसी बसवताना तांब्याचा पाइप फुटाफुटाने मोजून घेतो, स्टँडचे लोखंड वाजवून पाहतो, भिंतीला पाडलेल्या भोकाचेही पैसे देतो. भोक निदान दिसते तरी. पण मेकॅनिकने पंप जोडून अर्धा तास नुसता व्हॅक्यूम मारला की घरात चुळबुळ सुरू होते. पाइपातली हवा काढायची आणि तिथे काहीच ठेवायचे नाही, याची कसली मजुरी? माझे म्हणणे असे की साऱ्या फिटिंगमध्ये आनंदाने पैसे मोजावेत असे काम हेच. भोक काय, कुणीही पाडील.

नव्या स्प्लिट एसीचा गॅस आउटडोअरमध्ये कोंडूनच येतो. मधल्या पाइपांत मात्र आपली नेहमीची हवा असते, आणि मुंबईची असली तर चांगली दमट. ही हवा गॅससारखी द्रव होत नाही. कंडेन्सरमध्ये ठिय्या देऊन बसते, दाब वाढवते आणि विजेचे बिलही. ओल त्याहून खट. आर-32 किंवा आर-410ए बरोबर वापरायचे तेल ओल अधाशीपणे पिते. त्यातून आम्ल तयार होते आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगवरचे इन्सुलेशन कुरतडते. म्हणून ही ओल उकळून काढायची, तीही विस्तवाशिवाय. पाऱ्याच्या 760 मिलिमीटर दाबाला 100 अंशांवर उकळणारे पाणी, दाब 32 मिलिमीटरखाली गेला की 30 अंशांवरच उकळते. जाणता मेकॅनिक तिथेही थांबत नाही, 500 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर उतरतो. साध्या गेजचा काटा तोवर केव्हाच उणे तीसला टेकून निजलेला असतो. 500 आणि 5000 त्याला सारखेच. त्यासाठी मायक्रॉन गेजच हवे.

‘साहेब, थोडा गॅस सोडून हवा ढकलली की झालं!’ हे यावरचे ठरलेले उत्तर. नट सैल करून फुस्स केले की मिनिटात उरकते, एसी गारही करतो, हे कबूल. पण त्याने हवा बरीचशी जाते, सगळी नाही. पाइपाच्या आत चिकटलेली ओल तर जागची हलत नाही. गेला तो मोजून भरलेला गॅस. तोही आर-32 असला तर पेट घेऊ शकणारा, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट तापवणारा. खोली गार करायचा श्रीगणेशा पृथ्वी तापवून! मे महिन्यात मेकॅनिकला अर्धा तास कुठला, हा आक्षेप मात्र खरा आहे. नगामागे पैसे मिळणारा माणूस फुस्सच करणार, आणि त्याचे बिंगही लवकर फुटत नाही: कॉम्प्रेसर बसतो काही वर्षांनी, तेव्हा अख्खी सोसायटी एकमताने व्होल्टेजला दोषी ठरवते. तेव्हा त्या अर्ध्या तासाची मजुरी आधीच वेगळी ठरवावी. पंपाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे गेज पाहायचे असते. आकडा थोडा चढून थांबला तर ओल उरली आहे, चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. काम करणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहून सूचना देणारे जे कोणी घरात असेल, त्यांना तेवढा वेळ गेजसमोर खुर्ची टाकून द्यावी.