सविनय सादर : म्हैसूर पाक

म्हैसूरला राहायला आलेल्या मराठी बाईने कन्नड शिकावं, हे सूनबाईचं म्हणणं रास्तच होतं. भारतीय भाषा संस्थान १९६९ सालापासून याच गावात आहे. परराज्यांतले शाळामास्तर इथे येतात आणि दहा महिन्यांत दाक्षिणात्य भाषा शिकून परत जातात. मीही शिकले असते. पण कन्नडच्या वर्गात माझा नंबर शेवटून पहिला आला असता, आणि मला तशी सवय नाही. म्हणून मी घराजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या ‘बेसिक इंग्लिश’ला नाव घातलं. उभी हयात सांगलीत पाटबंधारे खात्यात टेंडरांची इंग्रजी पत्रं बडवून निवृत्त झालेली बाई मी. तिथे पहिला नंबर कुठे जातोय!

वर्गात एक रिक्षावाले अण्णा, अगरबत्तीच्या पॅकिंगला जाणाऱ्या दोघीजणी, हॉस्पिटलातली एक आया आणि साडीच्या दुकानात विक्रीला असलेली एक बाई. शिकवणारी मुलगी माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मला ‘अज्जी’ करून टाकलं. मी ‘मॅडम’ची अपेक्षा ठेवून इस्त्रीची साडी नेसून गेले होते.

सुरुवात ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’पासून झाली. ही भानगड मराठीत नाही आणि कन्नडातही नाही, त्यामुळे सगळे एका पायरीवर. पोलिसाने हात करायच्या आधीच लायसन्स काढून दाखवावं, तसे अण्णा प्रत्येक शब्दाआधी ‘द’ लावून मोकळे होत. द मैसूर, द माय वाइफ. माझं उलटं. मी तारेच्या जमान्यातली. शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे ऑफिसात सगळ्यात आधी कात्री लागायची ती ‘द’ला. तार २०१३च्या जुलैत बंद पडली, पण माझ्या वाक्यांतून ती अजून हललेली नाही. मी हे मोठ्या डौलाने सांगितलं, तर मुलगी म्हणाली, “अज्जी, आता फुकट आहे. लावा.”

एकदा तिने ‘रेन अँड मार्टिन’चं नाव काढलं. हे नाव निघालं की आमच्या घरातली माणसं हळूच उठून जातात, ते तिला काय माहीत! मला आवरत नाही. आपण सगळे ज्याचं व्याकरण घोकत मोठे झालो तो रेन, पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन, हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातला माणूस. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि हा तिथे शाळेवर होता. म्हणजे माझ्यासारखाच सरकारी नोकर (हे मी दोनदा सांगते). पुढे विलायतेला गेल्यावर याने १९२४ साली काय लिहावं? ‘बो जेस्ट’! घरातून एक मौल्यवान नीलमणी नाहीसा होतो. तीन भाऊ एकमेकांवर आळ येऊ नये म्हणून घर सोडतात आणि फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात. पुढे सहाराचं वाळवंट आणि चहूकडून वेढलेला किल्ला. शिपाई एकेक करून पडतात, आणि तिथला क्रूर सार्जंट मेलेल्यांना हातात बंदुका देऊन बुरुजावर उभं करतो, शत्रूला वाटावं की किल्ला भरलेला आहे. १९३९ साली गॅरी कूपरने यावर सिनेमासुद्धा केला. रेन स्वतः त्या पलटणीत होता अशी आख्यायिका आहे, कागदोपत्री पुरावा मात्र नाही. आणि या असल्या माणसाचं नाव पुढे १९३०च्या दशकात व्याकरणाच्या पुस्तकावर आलं! ‘पास्ट परफेक्ट कंटिन्युअस’ची उदाहरणं वाचताना मला तर नेहमी तो बुरूज दिसतो. सगळी वाक्यं बंदूक धरून ताठ उभी, आणि एकाच्याही अंगात प्राण नाही.

मार्टिनकडे वळेपर्यंत तास संपला. अण्णांनी अदबीने विचारलं, “अज्जी, हे परीक्षेला आहे का?”

खरा तिढा पॅरेग्राफपाशी आला. नियम असा की पहिल्या वाक्यात मुद्दा सांगायचा. पहिल्या! मग दोन-तीन वाक्यांत त्याचा खुलासा करायचा आणि शेवटी तोच मुद्दा परत सांगून उठायचं. आता आपल्याकडे हजार रुपये उसने मागायला आलेला माणूस काय करतो? आधी पावसाचं बोलतो, मग गुडघ्यांचं. पोहे होतात, चहा होतो, कुणाच्या तरी मुलीच्या स्थळाची चर्चा होते. तो उठतो, दारापर्यंत जातो, चपलेत पाय सरकवतो आणि मग म्हणतो, “बरं, एक सांगायचं राहिलंच.” चपलेच्या आधी मुद्दा काढला तर तो माणूस उर्मट, किंवा घरात नक्कीच काहीतरी वाईट घडलेलं. अण्णा म्हणाले, आमच्यातही अस्संच. पॅकिंगवाल्या दोघी जोरजोरात माना डोलवत होत्या. शिकवणारी एकटी पडली.

घरी लिहून आणायला विषय होता ‘माय फेव्हरिट फूड’. मी म्हैसूर पाक घेतला. एक तर स्थानिक विषय, शिवाय माहिती हाताशी : चौथ्या कृष्णराज वोडेयरांचा मुदपाकखाना, काकासुर मादप्पा हा राजवाड्यातला आचारी, देवराज मार्केटापाशी त्याच्या वंशजांचं दुकान. सुरुवात केली ती हातच्या सवयीने, ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, आय बेग टू स्टेट दॅट’. खाली बाब क्रमांक एक, दोन, तीन. शेवटी ‘सबमिटेड फॉर फेव्हरेबल कन्सिडरेशन’. वही परत आली तेव्हा ‘बेग’भोवती लाल गोल होता आणि शेजारी बारीक अक्षरात प्रश्न, ‘कुणाकडे भीक मागताय?’ मी तिला ऐकवलं, बाई गं, या एका वाक्यावर कॅनॉलची कामं मंजूर झालीत. ती हसली. “अज्जी, आवडतो ना? मग ‘आवडतो’ लिहा.”

घरी जाताना मी आर. के. नारायण यांची आठवण काढून स्वतःची समजूत घातली. या गावात राहून त्यांनी जगाला इंग्रजीतून मालगुडी दाखवलं. पण तेही विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत आधी नापासच झाले होते.

साडीच्या दुकानातली बाई माझ्या शेजारी बसते. दुकान सय्याजीराव रोडच्या एका बोळात आहे. (हा रस्ता आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाचा, हे मी तिला सांगून झालंय. तिने “हौदा?”, म्हणजे ‘हो का?’, म्हणून सोडून दिलं.) एकदा तिथे गेले, तर कोल्हापूरच्या बायकांचा घोळका आलेला, आणि ही गादीवर साड्यांचा ढीग करून म्हणतेय, “घ्या ओ ताई, रंग गेला तर तोंडावर फेका माझ्या.” मी थक्क. घरात तमिळ, रस्त्यावर कन्नड, मालकाशी दखनी, आंध्राच्या गिऱ्हाइकाशी तेलुगू, वायनाडहून आलेल्यांशी मल्याळम, आणि वर हे कोल्हापुरी. पण खालच्या मजल्यावरचा समोरचा काउंटर तिला मिळत नाही. पगारही कमी. कारण इंग्रजी येत नाही. आमच्या प्रवेशअर्जात ‘येत असलेल्या भाषा’ असा एक रकाना होता. तिने त्यात लिहिलं होतं, ‘इंग्लिश नो’. बाकीच्या का नाही लिहिल्यास विचारलं, तर म्हणाली, “वो कौन पूछता, अम्मा?”

सहा भाषांत साडी विकणाऱ्या बाईला ‘बेसिक’ म्हणायचं आणि एका भाषेत भीक मागणाऱ्या मला मात्र जन्मभर ‘इंग्लिशवाल्या बाई’ म्हणून ऑफिसात पहिला चहा! हा हिशेब कुणी लावला, देव जाणे. त्या दिवशी मला रेनचंही काही कौतुक वाटेना.

पुढचा विषय होता ‘माय वर्क’. साडीवालीने शिसपेन्सिलीने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, कागद पातळ होईस्तोवर. ‘आय सेल सारी. आय नो व्हॉट शी वॉन्ट बिफोर शी आस्क.’ मुलीने तीन ठिकाणी ‘एस’ जोडले आणि दुसरं वाक्य वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा निबंध दोन पानी होता. तो वाचून दाखवला नाही. मला चक्क हेवा वाटला, आणि शेजारी बसून तिची पाठही थोपटली. दोन्ही खरंच.

आता सराव हवा म्हणून मी ठरवलं की घरीही आधी मुद्दा, मग बाकीचं. पहिला प्रयोग सांगलीला, धाकट्या जावेवर. फोन उचलल्याबरोबर म्हटलं, “मला पाच किलो हळद हवी आहे.”

पलीकडे एकदम शांतता. मग घाबरा आवाज, “ताई, काय झालं? भावजी बरे आहेत ना?”

सगळे बरे आहेत म्हटलं तरी तिचा विश्वास बसेना. मग पाऊस घेतला. कृष्णेचं पाणी कुठवर आलंय ते विचारलं. तिचे गुडघे, माझे गुडघे, चुलत पुतण्याचं स्थळ, असं सगळं पहिल्यापासून रीतसर झालं, तेव्हा कुठे तिचा आवाज जागेवर आला. फोन ठेवला आणि लक्षात आलं, हळद नक्की पाठवणार की नाही, ते विचारायचं राहिलंच.