रोह्यात माझा चेक वटवणाऱ्या सन्माननीय धारकांस

धारकसाहेब,



आपलं नाव ठाऊक नाही, म्हणून चेकवर छापलेल्या नावानेच हाक मारतो. माझ्या नावापुढे बँकेने ‘या धारक को’ असं आधीच छापून ठेवलं होतं. आमच्या मूर्ती घेणाऱ्या रोह्याच्या व्यापाऱ्यांनी चेक लिहिताना ते खोडलं नाही, डाव्या कोपऱ्यात दोन रेघाही मारल्या नाहीत. तेवढ्या फटीतून आपण आत शिरलात आणि ३८,४०० रुपये घेऊन बाहेर पडलात. अभिनंदन. आमच्या कारखान्यात गणपतीची आखणी करणारी पोरं महिनाभर डोळे फोडून एवढे कमावत नाहीत. पैसे त्यांच्याच पगाराचे होते, हे जाता जाता सांगितलं. आपल्याला वाईट वाटावं म्हणून नव्हे. ते वाटणार असतं तर पत्राची गरजच पडली नसती.

आपल्या कष्टांचीही जाणीव आहे. व्यापाऱ्यांनी चेकचं पाकीट पेणला येणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या माणसाकडे दिलं, आणि ते मेमू गाडीत राहिलं. नागोठण्याच्या अलीकडे की पलीकडे, हे आपल्यालाच माहीत. पाकिटावर व्यापाऱ्यांच्या दुकानाचं नाव छापलेलं, फोन नंबर छापलेला, खाली माझं नाव आणि ‘पेण’. एवढं सगळं वाचून आपण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रोह्याला गेलात, बँक उघडायची वाट पाहिलीत, रांगेत उभे राहिलात. दुकानाला फोन लावायला एक रुपयाही पडला नसता. तिकिटाचे पैसे ३८,४०० मधून वळते केलेत की पदरचे घातलेत? हिशेब चोख असावा म्हणून विचारतो.

चेकच्या मागच्या बाजूची झेरॉक्स माझ्यासमोर आहे. (बँकेने ती मला दिली नाही, मी तिचा ग्राहक नाही. व्यापाऱ्यांना दिली, त्यांनी मला.) मागे आपण दोनदा सही केली आहे, माझ्या नावाने. दोन्ही वेळा माझ्या नावातला अनुस्वार खाल्लात. पैसे खाल्लेत ते खाल्लेत, निदान अनुस्वार तरी ठेवायचा.

आणि इथेच आपली कीव येते. बेअरर चेक होता तो! १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम ८५ सांगतं की बेअरर चेकचे पैसे बँकेने चेक आणणाऱ्याला सद्हेतूने, रीतीप्रमाणे दिले की बँक मोकळी. आणणारा कोण, कुठला, याने बिघडत नाही. आपण स्वतःच्या नावाने सही केली असती तरी कॅशियरने नोटा मोजून दिल्या असत्या. मग सापडलेली वस्तू लाटली एवढाच गुन्हा राहिला असता: भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. पण आपल्याला हौस. माझ्या नावाने पैसे मिळाल्याची सही ठोकलीत, आणि पोलिसांच्या हाती कलम ३३८ दिलंत, बनावट दस्तऐवजाचं. तिथे दहा वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेपही लिहिली आहे. एवढी होईल असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षांच्या कामाला कुणी कारण नसताना दहा वर्षांचं कलम चिकटवून घेतं का?

तसे आपण कायद्याला नवखे नाही. मेकॉलेने मसुदा केलेलं दंडविधान १८६० साली झालं, त्यात कलम ४०३ खाली उदाहरणं दिली आहेत. रस्त्यात रुपया सापडला, कुणाचा ते कळायला मार्ग नाही, उचलला, तर गुन्हा नाही. त्यापुढचं एक उदाहरण आपलं आहे. एकाला बेअरर चेक सापडतो, हरवला कुणी ते कळत नाही, पण चेक लिहिणाऱ्याचं नाव चेकवर आहे, त्याला विचारलं तर मालक सापडेल, हे त्याला समजतं. तरी न विचारता तो चेक गिळतो. तो दोषी. संहिता बदलली, कलमाचा आकडा बदलला, आपण जागच्या जागी आहात. रोह्यात रेल्वे नव्हती, पेणच्या मूर्तींचा एवढा व्यापार नव्हता, तेव्हापासून सरकारदरबारी आपली वाट पाहिली जाते आहे.

आता आपल्या पराक्रमाचं खरं फळ सांगतो. पैसे माझे गेले असं आपल्याला वाटत असेल. व्यापारी म्हणतात, ‘मी चेक दिला, खात्यातून रक्कम गेली, माझं देणं फिटलं.’ मी म्हणतो, माझ्या हातात काय आलं? वडिलांच्या वेळेपासून त्यांच्या दुकानात आमच्या मूर्ती जातात. आता आमचं बोलणं वकिलामार्फत चालतं. माझ्या वकिलांनी ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्सचा खटला काढला, तेच ते प्रभाकर कंदीलवाले. दिल्लीहून सरकार त्यांना चेक टपालाने पाठवायचं. सर्वोच्च न्यायालय १९५४ साली म्हणालं, कंपनीनेच चेक पाठवा म्हणून कळवलं होतं, तेव्हा टपालखातं हे कंपनीचं माणूस. चेक दिल्लीत टपालात पडला तिथेच पैसे पोचले. खटला प्राप्तिकराचा होता, पण मेमूत राहिलेल्या पाकिटालाही लागू पडतो. मी मात्र ‘अमक्याकडे द्या’ असं सांगितलं नव्हतं. माणूस व्यापाऱ्यांचा, म्हणून वाटेतला तोटाही त्यांचाच, असं आमचे वकील म्हणतात. त्यांचे वकील अर्थातच तसं म्हणत नाहीत. दोघांची फी चालू आहे, आणि तीही आपल्याच खात्यावर मांडून ठेवतो आहे.

रोहा हे चिंतामणराव देशमुखांचं गाव, हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का? त्यांचं बालपण तिथे गेलं. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटांवर त्यांची सही आली. त्यांच्या सहीवर देशाने विश्वास ठेवला. आपल्या सहीवर एका कॅशियरने ठेवला. सुरुवात म्हणून वाईट नाही.

पेणच्या मानाने मात्र आपण किरकोळच. आमच्याकडे पेण अर्बन बँक होती. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी गेले, २०१० साली रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदार मोर्चे काढून थकले. एवढं बघितलेल्या गावाला आपण ३८,४०० साठी ओळखही दाखवायला लाजलात.

तरी आम्ही रीतसर चाललो आहोत. पेण पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा आधी ‘घटना रोह्याची, रोह्याला जा’ असं ऐकलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्द कुणाचीही असो, तक्रार घ्यावी लागते. ती घेतली आणि रोह्याला धाडली. व्यापाऱ्यांनी बँकेला पहिल्याच दिवशी लेखी अर्ज दिला की काउंटरवरचं कॅमेऱ्याचं चित्रीकरण पुसू नका. बँकेने ३० दिवसांत धड उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. चित्रीकरण मी पाहिलेलं नाही, पोलिसांनी पाहिलं. शर्ट चांगला होता म्हणाले.

तेव्हा विनंती अशी. पैसे परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही, पण कोर्टात उभं राहताना बरं दिसतं. पाकिटावरचा नंबर आपल्याकडे असेलच. रोख आणून द्यायला संकोच वाटत असेल तर चेक पाठवा, चालेल. फक्त डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मारून मधे ‘अकाउंट पेयी’ लिहा, आणि कुणाच्या हाती देऊ नका. हल्ली गाडीत कसली कसली माणसं बसतात, काय सांगावं!

आपला,
(अनुस्वारासकट)
पेणचा एक मूर्तिकार