सगोत्र डिंक

विळीवर भोपळा चिरताना डाव्या हाताचं बोट कापलं. भोपळ्याबद्दल माझी तक्रार नाही. विळीबद्दलही नाही, तिचं ते कामच आहे. तक्रार आहे ती औषधाच्या डब्यातल्या चिकटपट्टीच्या कागदी वेष्टनाबद्दल. ते उघडायला दोन धडधाकट हात लागतात, आणि ज्याचे दोन्ही हात धडधाकट आहेत त्याला पट्टीची गरज नसते. हा मुद्दा कुणीतरी बैठकीत मांडला असेल आणि जेवणाची वेळ झाली म्हणून राहून गेला असेल, असं मी धरून चालतो. शेवटी दात लावले. वेष्टन फाटलं, पट्टी मिशीला चिकटली, रक्त वाहत राहिलं. "अहो, हळद लावा," आतून आवाज आला. हळदीच्या डब्याला झाकण असतं. फिरवलं की निघतं.

माझा भाचा वसईकडे वेष्टनं छापण्याच्या कारखान्यात आहे. रविवारी जेवायला आला तेव्हा मी ते फाटकं वेष्टन पुरावा म्हणून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मामा, हे कोल्ड सील," तो कौतुकाने म्हणाला. कौतुक मला अपेक्षित नव्हतं.

कोल्ड सील म्हणजे ऊब न देता चिकटणारा डिंक. तो मुख्यतः रबराच्या झाडाच्या चिकापासून करतात. केरळात खोडाला तिरपी चीर देऊन खाली करवंटी बांधतात, तोच चीक. वाटेत तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. आपला ओळखीचा डिंक उदार असतो; वहीला, बोटाला, शर्टाला, जो भेटेल त्याला चिकटतो. हा तसा नाही. चॉकलेटला चिकटत नाही, हाताला चिकटत नाही, फक्त स्वतःच्याच दुसऱ्या थराला चिकटतो. आपल्यात सगोत्र लग्नाला आडकाठी, इथे सगोत्राशिवाय लग्नच नाही. त्यातही मुहूर्त नको, अग्नीची साक्ष नको. दोन्ही बाजूंनी दाब आला की झालं. हा डिंक वेष्टनाच्या प्लास्टिक फिल्मला आतून सगळीकडे न लावता, जोड जिथे येणार तेवढ्याच पट्ट्यांवर छापतात, आणि तो चित्राशी नेमका जुळावा लागतो. छपाईवाले याला रजिस्टर म्हणतात. म्हणजे लग्न रजिस्टर पद्धतीनेच होतं.

माझ्या पट्टीचं सोडा, एवढा खटाटोप चॉकलेटच्या वेष्टनासाठी. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं. वेष्टन उष्णतेने चिकटवायचं तर ते दाबणारे यंत्राचे जबडे चांगलेच तापवावे लागतात, आणि ती ऊब फिल्ममधून आत पोचायला वेळ लागतो. यंत्र मिनिटाला शेकडो वड्या गुंडाळत असतं. त्याला वेळ नसतो. मध्येच अडलं तर तापलेल्या जबड्यांजवळची वडी घामाघूम होते. थंड जबड्यांना ही भीती नाही. आइस्क्रीमच्या कांडीलाही याच कारणाने हाच मान मिळतो. मग कारखान्यात उन्हाची झळ न लागलेली ती वडी मे महिन्यात नागपूरला जाते, जिथे पारा ४५ च्या घरात असतो, आणि सगोत्र जोडाच्या आत तिची बासुंदी होते. जोड मात्र शाबूत.

या डिंकाचे लाड आणखी आहेत. फिल्मचा रोल गुंडाळला की आतला डिंक बाहेरच्या बाजूवर टेकतो. तिथे त्याने धरू नये म्हणून त्या बाजूला न चिकटणारा लेप देतात. माझी बोटं वेष्टनावरून घसरतात त्याचं खापर मी या लेपावर फोडतो. भाच्याला ते मान्य नाही; तो माझ्या नखांकडे बघतो. शिवाय ही फिल्म दोन्ही दिशांनी ताणून बनवलेली असते. तिला फाटायला सुरुवात करून देणं महाकठीण, आणि एकदा सुरुवात झाली की तिला थांबवणं त्याहून कठीण. म्हणून कडेला करवतीसारखे दाते ठेवतात. मी दात्यावर ओढतो, दाता हातात येतो. मी दात लावतो, वेष्टन टोकापासून टोकापर्यंत फाटतं आणि चॉकलेट सोफ्याखाली जातं.

पूर्वी चॉकलेटला चांदी असायची, वरून कागद. नखाने घासून ती चांदी सपाट करायची आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवायची. उघडायला अक्कल लागत नसे, हा त्या काळाचा मोठेपणा.

"फाडायचं नाही मामा, सोलायचं," भाचा म्हणाला. टोकाच्या जोडाचे दोन पदर त्याने चिमटीत धरले, केळं सोलावं तसे बाजूला केले. एक सेकंद. भाचा २६ वर्षांचा आहे आणि त्याला जवळचं दिसतं. मला ते दोन पदर आहेत हे कळायलाच चष्मा लागतो, आणि चष्मा ज्या घरात असतो ते माझं आहे एवढंच मला ठाऊक असतं.

तो गेल्यावर सोसायटीच्या देखभालीचा चेक पाठवायला बसलो. पाकीट नव्या पद्धतीचं होतं. जीभ लावायची नाही, झडपेवरची पट्टी पाकिटावरच्या पट्टीवर दाबायची. दाबली. दाबल्यावर चेक टेबलावर दिसला. सोलून पाहिलं, पद्धतशीर, चिमटीने. कागद फाटला, जोड तसाच राहिला.

दुसरं पाकीट काढलं. ते महिनाभर शब्दकोशाखाली होतं. दाब पुरेसा पडला होता.