मुरमाड चेहऱ्याची मशागत

जालना जिल्ह्यात मुरूम दोन ठिकाणी सापडतो, शेतरस्त्यावर आणि तोंडावर. शेतरस्त्यावर हवा असेल तर अर्ज द्यावा लागतो, अर्जामागं चार चकरा माराव्या लागतात, आणि मग तो पावसाळा उलटल्यावर पडतो. तोंडावरचा मात्र बिनअर्जाचा, नेमका लग्नाच्या आदल्या आठवड्यात, जागेवर पोच होतो.

एकवीस वर्षं झाली, जालन्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. शेजारचा गाळा मेडिकलचा, तिथंही औषधं. गिऱ्हाईक दोन्हीकडं सारखंच येतं. हातात मोबाईल, मोबाईलात फोटो, आणि तोंडी एकच वाक्य: ‘याच्यावर काय चालतंय?’ माझ्याकडचा फोटो कपाशीच्या पानाचा असतो, त्याच्याकडचा गालाचा.

मागच्या साली माझ्या पुतणीच्या गालावर पीक उभं राहिलं. बारावीचं वर्ष. तेव्हा ध्यानात आलं, की सोयाबीन, कपाशी, मोसंबी, सगळ्यांच्या घडीपत्रिका निघतात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातून गठ्ठेच्या गठ्ठे आणून मी त्या वाटल्यात. पण मुरमाचं भरघोस उत्पादन कसं घ्यावं यावर कुणी चिठोरंही छापलेलं नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

जमीन

बारा-तेरा वर्षांपासून पुढचा चेहरा सर्वांत कसदार. त्या वयात अंगात अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, पोरांच्या जास्त, पोरींच्या कमी. त्यांच्या जोरावर कातडीखालच्या ग्रंथी तेल सोडतात, मेलेल्या पेशींचा गाळ केसाच्या मुळाशी साचतो, छिद्राचं तोंड बुजतं, आणि एरवी सगळ्यांच्याच कातडीवर गुण्यागोविंदानं राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू आतल्या आत माजतो. छिद्राच्या तोंडाशी दिसणारा काळा ठिपका मळाचा नसतो, हवा लागून काळपटलेला तो गाळच असतो. ही माहिती उत्पादकानं स्वतःपुरती ठेवावी, भावकीत बोलू नये. ‘तोंड धूत नाहीस का गं?’ हे वाक्य काढून घेतलं तर निम्म्या पाहुण्यांना आपल्या घरी बसून बोलायला काही उरणार नाही.

सुश्रुताला या फोडांमध्ये काटेसावरीचे काटे दिसले होते. पुढं वैद्यांनी तेच काटे दुधात वाटून चेहऱ्याला लावायला सांगितले. काट्यानं काटा काढतात तो असा.

जमिनीच्या मालकीबद्दल गैरसमज नको. सातबाऱ्यावर नाव पोरीचं असलं तरी वहिवाट सगळ्या भावकीची असते. माझी मंठ्याची बहीण, म्हणजे पुतणीची आत्या, चप्पल काढायच्या आधी पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवते. ‘कामून गं बाई हे असं? पोट साफ होत नाही का?’ मामांच्या मते मोबाईल. शेजारच्या काकूंच्या मते रक्तातली गरमी. एक दूरचे आजोबा आले होते, त्यांच्या मते चेहऱ्यावर ‘लग्नाचं वय दिसायला लागलं’. पोरगी त्या दिवशी जेवायला बाहेर आली नाही.

पाणी

आमच्याकडं नळाच्या दोन पाण्यांच्या मधे आठवडा सहज सरतो. 2012-13च्या दुष्काळात घाणेवाडीच्या तलावानं तळ दाखवला तेव्हाचे टँकर अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणून घरोघरी बोअर. बोअरचं पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा चोथा होऊन बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते. तीच रेघ गालावर बसावी यासाठी अंगाच्या साबणानं दिवसातून आठ वेळा, खरखरीत टॉवेलानं, कातडी चरचरेपर्यंत घासावं. कातडी सोलवटली की दाह वाढतो, आपलं काम होतं. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश घेऊन नुसत्या बोटांनी तोंड धुणाऱ्यांचं काही खरं नाही, त्यांचं पीक बसतं.

ताण

मोसंबीवाल्यांना हे शिकवायला नको. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा आंबे बहार धरायचा म्हणजे डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं. झाड ताणावर सोडायचं. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग पाणी दिलं, की जानेवारी-फेब्रुवारीत बाग फुलांनी लदबदते.

बारावीची परीक्षाही फेब्रुवारीतच असते. डिसेंबरपासून पोरीला ताणावर सोडावं. झोप चार तास, क्लास पहाटेचा, घरात वावरताना प्रत्येकानं ‘नीटचा कटऑफ’ हे शब्द कानावर घालत राहावं. ताणाची संप्रेरकं तैलग्रंथींना चिथावतात आणि हॉलतिकिटावरच्या फोटोच्या सुमारास बहार फुटतो. मोसंबीचा ताण किती दिवस द्यायचा याचं गणित तरी असतं. पोरांच्या ताणाला ते नाही.

वरखत

खोबरेल तेल केसांना चोपडून कपाळावर उतरू द्यावं. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या बऱ्याचदा तेवढ्यानंच येतात. स्कूटीवर तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ पंधरा दिवस धुऊ नये. जिमला जाणाऱ्या पोरांनी प्रोटीनच्या पावडरीचे डबे रिचवावेत, काहींना त्यानं चांगला फुटवा येतो. भजी आणि तिखटाचं नाव उगाच बदनाम आहे, त्यांच्याविरुद्ध ठोस पुरावा नाही. साखर आणि मैद्यावर संशय त्याहून जास्त. पण आपल्याकडं पोरीची भजी बंद करतात आणि चहात साखर तीन चमचे घालतात, म्हणजे काळजीचं काही कारण नाही.

घरगुती खतांत लिंबू अव्वल. लिंबाचा रस चोळून राजूरच्या गणपतीला अंगारकीला पायी निघावं. रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजते आणि काळे पट्टे उठतात. टूथपेस्टनंही भाजते, पण थंड वाटतं. मुलतानी माती, बेसन, हळद यांनी फारसं नुकसान होत नाही, त्यामुळं उत्पादनाच्या दृष्टीनं ती निरुपयोगी.

फवारणी

इथं जरा थांबतो, कारण हा माझ्या धंद्याचा विषय.

शेतकरी दुकानात येतो, पानं मुरडलीत म्हणतो. त्याला एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि एक टॉनिक देऊन ‘तिन्ही एकाच पंपात मारा’ म्हणणारे दुकानदार आहेत. मी नाही, असं म्हणायला आवडलं असतं. रोग कोणता ते पाहायचं कारण उरत नाही, तिघांतलं एक तरी लागू पडतं, आणि टॉनिकामुळं चार दिवसांत पीक हिरवंगार दिसतं. शेतकरी खूश, बिल मोठं.

शेजारच्या गाळ्यात हाच पंप वीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये येतो. आत एक औषध बुरशीवरचं, एक जंतूंवरचं, आणि टॉनिकाच्या जागी स्टिरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल नाहीतर बीटामेथासोन. मुळात हे चेहऱ्यावर, मुरमावर लावायचं मलमच नव्हे. पण स्टिरॉइडनं सूज आणि लाली बसते, रंग उजळतो, चार दिवसांत पोरगी आरशापुढून हलत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात आग होते, गालावर लव वाढते. घाबरून ट्यूब बंद केली की मुरूम दुप्पट जोमानं उठतो. कपाशीवाल्यांना याचं नाव माहीत आहे: फरदड, संपलेल्या पिकाला पुन्हा आलेला फुटवा. फरदड घेऊ नका, बोंडअळीला घर मिळतं, असं आम्ही दरवर्षी सांगतो. ट्यूबवाल्यांच्या फरदडीवर उपाय म्हणून पुन्हा तीच ट्यूब विकत मिळते.

या अवस्थेचे इतके चेहरे आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांपुढं येऊन बसले, की त्यांनी तिला ‘स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचं स्वतंत्र नावच दिलं. मार्च 2018मध्ये केंद्र सरकारनं 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. जहाल कीटकनाशकाच्या डब्यावर तांबडा त्रिकोण असतो, त्याची आठवण झाली. तोही सगळ्यांना दिसतो.

बिनलेबलच्या डबीतलं क्रीम मिळालं तर सोन्याहून पिवळं. अकोल्यात एका घरातल्या आई आणि दोन मुली असंच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या. तिघींची मूत्रपिंडं बिघडली, मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेलं, आणि क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग उजळवतो हे खरंच आहे. सौंदर्यप्रसाधनात तो दहा लाखांत एका भागाहून जास्त नसावा असा नियम आहे, पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नावच नाही ती नियम कुठं वाचत बसणार.

आता प्रतिकारशक्तीचं. 2002 साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ते तंत्रज्ञान याच जालन्यात 1964 साली सुरू झालेल्या महिको या बियाण्याच्या कंपनीच्या भागीदारीतून आलं. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी असायची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे काही अळ्या तिथं जगतात आणि बीटीला पचवणारी जात लवकर पैदा होत नाही. ती पुडी माझ्या दुकानाच्या पायरीवर फेकून जाणारे मी मोजले असते तर हिशेब चुकला असता. गुलाबी बोंडअळीनं पुढं काय केलं ते सांगत बसत नाही.

त्वचेचा डॉक्टर क्लिंडामायसिनचं जेल देतो तेव्हा सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडही देतो, नुसत्या प्रतिजैविकाला जंतू सरावतो म्हणून. हे दुसरं जरा चुरचुरतं. उत्पादकानं ते पायरीवर ठेवून यावं.

निस्तेजपणा

मुरमाबरोबर घेण्याजोगं हे आंतरपीक. एमआयडीसीच्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याच्या सळया देशभर जातात, आणि संध्याकाळी चेहऱ्यावर हात फिरवला तर हाताला जे लागतं त्यावर सगळे खापर फोडतात. काळवंडली, कोमेजली, तेज नाही, जरा उजळ क्रीम लाव. गोरेपणाच्या एका क्रीमनं आपल्या देशात 1975 साली जे नाव घेतलं होतं ते 2020 साली बदललं, बाकी पाहुण्यांची भाषा तीच आहे.

महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 54.2 टक्के. पुतणीला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालाकडं नंतर पाहिलं. आधी खालची पापणी ओढून पाहिली, पाळीचं विचारलं आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 8.9. सळयांच्या गावातली पोरगी, आणि रक्तात लोह नाही. गोळ्या मिळाल्या, चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या, असं बजावून. लिंबाचा खरा उपयोग मला पन्नाशीत कळला.

वेचणी

पीक तयार झालं की आरशासमोर उभं राहून, न धुतलेल्या दोन नखांमध्ये धरून दाबावं. अर्धा माल बाहेर येतो, उरलेला खोल जातो. खोल गेलेला डाग आणि खड्डा देतो, खड्डा हे कायमचं उत्पन्न. डाग उन्हात अजून गडद होतात, म्हणून सनस्क्रीन वर्ज्य.

पुतणीनं यातलं काही केलं नाही. तिला मिळालं होतं सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइडचं फेसवॉश आणि सनस्क्रीन, रात्री वाटाण्याएवढं अ‍ॅडापालीनचं जेल, आणि बारा आठवड्यांची तारीख. पहिल्या तीन आठवड्यांत कातडी सुटली, मुरूम वाढलाच. घरात पंचायत बसली. ‘बंद कर, अंगाला लागलं नाही.’ मी म्हटलं, सोयाबीन पेरून तुम्ही चौथ्या दिवशी शेंगा मोजता का? शंभर दिवस थांबता, आणि तेही पावसाच्या भरवशावर. मला वाटलं, फार बिनतोड बोललो. वहिनींनी निळा टॉवेल पुढं धरला. त्यावर ढगांसारखे पांढरे डाग पडलेले. ‘हे जेवढं टॉवेलाला लागलं तेवढं तोंडाला लागलं असतं तर बरं होतं.’ बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवतं. तेव्हापासून तिला पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा.

परीक्षा झाली. बारावा आठवडा उलटला. दोन-तीन पुसट डाग सोडले तर गाल मोकळे झाले होते. एप्रिलात मंठ्याची आत्या आली. चप्पल पायात असतानाच हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं. एक गाल पाहिला, दुसरा पाहिला, कपाळावरचे केस बाजूला सारून पाहिलं. बराच वेळ काही बोलेना.

मग म्हणाली, ‘केस लई गळतेत का गं तुझे?’ आणि पिशवीत हात घालून बिनलेबलची बाटली काढली.